दाराच्या पलीकडे हवा स्वच्छ होती

२९ जानेवारी, गुरुवार

झाले ते असे.

१. मंगळवारी दुपारी उजव्या बोगद्यात एका मालट्रकच्या इंजिनाने पेट घेतला. चालक ट्रक सोडून पुढच्या तोंडाने बाहेर पडला.
२. कंट्रोल रूमने दोन्ही बोगद्यांची वाहतूक थांबवली. दोन्हीकडचे पंखे नियमाप्रमाणे सुरू झाले.
३. उजव्या बोगद्यातले पंखे पूर्ण वेग घेईपर्यंत धूर मागे, थांबलेल्या वाहनांकडे सरकला.
४. मिनीबसमधले प्रवासी दार क्रमांक ३ मधून जोडमार्गात शिरले व डाव्या बोगद्यातून सुखरूप बाहेर आले. बाकीचे मागे पळत प्रवेशाच्या तोंडाने बाहेर पडले.
५. एक बाई दार क्रमांक ४ पाशी मृत सापडल्या. दार बंद होते. दाराला कुलूप नव्हते.
६. दाराच्या पलीकडे हवा स्वच्छ होती.

हा मसुदा आज साहेबांना दिला. साहेब म्हणजे आमच्या बोगदा कार्यालयाचे प्रमुख. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि सहाव्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं, हा लागतो का? मी म्हटलं, जोडमार्गात हवा तपासणारं यंत्र आहे, त्याचं मोजमाप आहे. ते म्हणाले, खरा आहे का असं विचारत नाहीये, लागतो का असं विचारतोय. मी मुद्दा काढला नाही. त्यांनी पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला आणि कागद परत दिला.

सविस्तर अहवाल मीच लिहायचा आहे. सुरक्षा अभियंता म्हणून मला इथे वर्षही झालेलं नाही, तरी काम माझ्याकडे आलं. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, तुम्ही घरच्याच आहात. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये पाळीप्रमुख म्हणून माझे भावोजी होते, ताईचे यजमान. इथली जागा रिकामी असल्याचं मला त्यांनीच कळवलं होतं. घरचा माणूस तिथे असल्याने मला माहिती लवकर मिळेल, असा साहेबांचा विचार असावा. सोयीचं आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आई आणि मी ताईकडे जेवायला. भावोजींचं सगळीकडे कौतुक चाललं आहे. वाहतूक त्यांनी वेळेत थांबवली, पंखे वेळेत लावले, एकही टप्पा चुकवला नाही. वरून प्रशस्तिपत्र यायचं आहे म्हणे. ते स्वतः फारसं बोलत नव्हते. ताटातलं चिवडत बसले होते.

ताईला त्यांना हसवायचं होतं. ती म्हणाली, अहो, ते दाराचं करून दाखवा ना. मी इथे रुजू होण्याआधी, गेल्या वर्षी, जेवताना ही नक्कल ठरलेली असे. जड ट्रक गेला की त्याने ढकललेल्या हवेने जोडमार्गांची दारं किंचित हलायची आणि कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजायचा. भावोजी घास हातात धरून टुंय टुंय करायचे आणि म्हणायचे, दिवसभर दारावर पाहुणे, पण आत एकही येईल तर शपथ. आई हसून हसून पाणी प्यायची. मग कधीतरी भोंगा वाजायचा थांबला म्हणून नक्कलही थांबली.

आज ते उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. भूक नसावी.

निघताना मला म्हणाले, "काय फूटपट्टी, कुठवर आला अहवाल?" हे नाव मला त्यांनीच ठेवलं आहे, लग्नाच्या मांडवात मी खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होते तेव्हापासून. मी सांगितलं, दारांपर्यंत. ते म्हणाले, दारं मंजूर नकाशाप्रमाणे आहेत, त्यात काय बघायचं. मी म्हटलं, बघितल्यावर कळेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेलेल्या बाई शिवणकाम करायच्या. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे घेऊन भाड्याच्या टेम्पोने पोचवायला निघाल्या होत्या. टेम्पोचालकाने जबाबात सांगितलं आहे, मी मागे पळालो, त्यांनाही चला म्हणत होतो, पण त्या म्हणाल्या इथे पाटी आहे. हिरवी पाटी, पळणारा माणूस आणि बाण. पाटी मी बसवलेली नाही, पण दर महिन्याला ती पुसली जाते ना हे मी तपासते.

आज त्यांची बहीण सामान न्यायला आली होती. सामान म्हणजे एक पर्स, मोजायची टेप, कात्री. सही घ्यायला मला बसवलं होतं. तिने सही केली आणि विचारलं, दार बंद होतं का?

मी म्हटलं, बंद होतं. कुलूप नव्हतं.

"मग?"

मी म्हटलं, चौकशी सुरू आहे. हे अचूक उत्तर होतं. ती टेप बोटांभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तिच्या मनगटात जोर नव्हता हो. कात्री चालवून चालवून गेला. बरणीचं झाकण घट्ट बसलं तर शेजारी हाक मारायची." हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. बहिणीची एक सवय सांगावी तसं सांगितलं.

ती गेल्यावर लक्षात आलं की कात्री टेबलावर राहिली. मागे धावत गेले. रिक्षा निघून गेली होती. कात्री खणात ठेवली आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

सगळी दारं पाहिली. उजवा बोगदा दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे आत चालत जाता येतं. चौथ्या दाराजवळ भिंत काळी आहे. दारावर, मुठीच्या वर, काजळीत हाताचे ठसे आहेत. दोन्ही हातांचे, पुष्कळ, एकावर एक. फोटो काढले.

दार आपोआप मिटावं म्हणून प्रत्येकावर क्लोजर बसवलेला असतो, लोखंडी हात आणि आत स्प्रिंग. ती किती ताणायची ते एका स्क्रूने ठरतं. चौथ्या दाराचा क्लोजर उष्णतेने खराब झालेला आहे, त्यावरून काही सांगता येत नाही. पण बाकीच्या दारांवर स्क्रूभोवतीचा रंग खरवडलेला आहे. कारखान्यातून आल्यावर कोणीतरी स्क्रू फिरवला आहे. प्रत्येक दाराचा, एकाच दिशेने. घट्ट.

देखभालीच्या फिटरांच्या मुकादमाला सगळे पैलवान म्हणतात. दार तपासणी तोच करतो. त्याच्याबद्दल कार्यालयात विनोद आहे की पैलवानाने हात लावला की दार घाबरून उघडतं. त्याला विचारलं, स्क्रू कोणी फिरवले? तो म्हणाला, आम्हीच. सांगितलं तसं केलं.

"कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बरोबरच्या फिटरकडे. फिटर दुसरीकडे बघायला लागला. "तुम्हाला माहीत नाही होय?" पैलवान म्हणाला, आणि वर काम आहे सांगून निघून गेला.

मी जवळ गेले की हे लोक बोलायचे थांबतात. बाई अधिकारी म्हणून असेल. सवय होईल त्यांना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पंख्यांचा विभाग वेगळा. त्यांचे अभियंता वयस्क आहेत, मला बाळ म्हणतात आणि काम विचारलं की कलम सांगतात. त्यांच्याकडून कळलं ते लिहून ठेवते.

एका बोगद्यात आग लागली की शेजारच्या बोगद्यातले पंखेही पूर्ण जोरात लावतात. तिथली हवा दाबाखाली राहिली की धूर फटीतून पलीकडे येत नाही. हे बरोबर आहे. पण दार उघडतं ते जोडमार्गाच्या आत. म्हणजे धुरातून येणाऱ्या माणसाला पलीकडच्या हवेचा दाब रेटून दार आत ढकलावं लागतं. त्यात स्प्रिंगचा जोर मिळवायचा.

मी विचारलं, पंखे पूर्ण जोरात असताना दार उघडून पाहिलं आहे का कधी? ते म्हणाले, पंख्यांची चाचणी आमची, दारांची तुमची. वेगवेगळ्या दिवशी असतात. पंखे लावायचे तर वाहतूक बंद करावी लागते, दार तपासायला लागत नाही. मग एका दिवशी कशाला करायच्या? त्यांच्या दृष्टीने प्रश्नच चमत्कारिक होता. पंखे दर वेळी पास. दारं दर वेळी पास.

दुरुस्तीनंतरची दोन्ही बोगद्यांची पंखे चाचणी मंगळवारी आहे. त्याच वेळी दारांची मोजणी करू द्या, असं साहेबांना लेखी कळवलं. उत्तर आलं: वेळापत्रकात तरतूद नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला विचारलं, मंगळवारी बोगद्यात येशील का. गेलेल्या बाईंची उंची आणि वजन शवविच्छेदनाच्या कागदात आहे. आईचं जवळपास तेच आहे. वयही.

आई भाजी निवडत होती. मी तिला ओट्यावर दोन डबे शेजारी ठेवून समजावलं. हे दोन बोगदे. मधे ही बोटभर जागा, तो जोडमार्ग. याच्या दोन्ही टोकांना दार. इकडे धूर, तिकडे हवा, आणि हवा दाराला टेकून बसली आहे, तुझ्या त्या चुलत सासूसारखी, उठ म्हटलं तरी न उठणारी. आई म्हणाली, चुलत सासूबाईंचं नाव नको काढूस, आणि मला नक्की करायचंय काय?

"दार ढकलायचं."

"दार ढकलायला? एवढ्यासाठी शिकवलं तुला?" मग म्हणाली, "ती बाई गेली, तेच दार?"

मी म्हटलं, ते जळलंय, त्याच्या अलीकडचं. आई बराच वेळ देठं मोडत राहिली. म्हणाली, येते. बूट कुठले घालू?

१० फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी केली. परवानगी नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आई आणि पैलवान उजव्या बोगद्याच्या बाजूला, दार क्रमांक ३ पाशी. मी जोडमार्गात, मुठीला जोर मोजायचा तानकाटा लावून. आधी पंखे बंद असताना मोजलं. दार जड होतं, पण आईने दोन्ही हातांनी उघडलं आणि आत डोकावून म्हणाली, झालं? मी म्हटलं, आता पंखे लागतील, परत कर.

पंखे सुरू झाले. आवाज एवढा असतो की माणूस शेजारी ओरडला तरी कळत नाही. दाराला तळहाताएवढी काच आहे. तीतून आईचा चेहरा दिसत होता. मी खूण केली. तिने ढकललं. दार हललं नाही. तिने खांदा लावला. मग पाठ लावली. मग परत वळून तळहातांनी थापा मारल्या, एकापाठोपाठ एक. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. तानकाटा मुठीला लागलेला होता आणि मी आकडा वाचत होते.

नंतर तिने सांगितलं, ती म्हणत होती, अगं उघड ना.

पैलवानाने खांद्याने दार उघडलं, एका धक्क्यात. आत आला आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, "मी तपासायचो तेव्हा उघडायचं की हो. मला वाटायचं, उघडलं म्हणजे दार बरोबर आहे." त्याच्याकडे बघून कोणी हसलं नाही.

लागणारा जोर: परवानगी आहे त्याच्या दुपटीहून बराच जास्त. मोजणी तीनदा करायची पद्धत आहे. आईकडून दुसऱ्यांदा करून घेतली नाही.

मिनीबसमधले लोक कसे निघाले हेही यातून समजतं. ते एकदम सगळे रेटत होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

विशेष काही नाही. कार्यालयाचं दार, बँकेचं, लिफ्टचं, दवाखान्याचं ढकलून पाहिलं. तानकाटा पर्समध्येच राहिला होता. सगळी मर्यादेत आहेत. घरी आल्यावर आईने विचारलं, न्हाणीघराचं दार इतक्यांदा का उघडझाप करतेयस? बिजागरी करकरते, असं सांगितलं. तिने तेल आणून दिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना आकडे दिले. ते शांतपणे ऐकतात, हा त्यांचा गुण आहे. मग म्हणाले, आईंना घेऊन गेलात? मी हो म्हटलं. म्हणाले, हे मी ऐकलं नाही.

त्यांचं म्हणणं असं. बोगदा तेवीस तारखेला, सोमवारी, सुरू होणार, ते बदलणार नाही. दारं मंजूर नकाशाप्रमाणे आहेत. तिसऱ्या दारातून माणसं गेली, म्हणजे दारं चालतात. बाई घाबरल्या असाव्यात, माणूस घाबरला की ढकलायचं सोडून ओढतो. मी हाताच्या ठशांचे फोटो दाखवले. ठसे ढकलण्याचे आहेत. त्यांनी फोटो उलटे करून ठेवले.

मी म्हटलं, क्लोजरचा स्क्रू सैल करायला एका दाराला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. शनिवारी सगळी होतील.

"आणि का केले म्हणून विचारलं तर काय सांगू? घट्ट केले होते म्हणून? कोणी केले म्हणून विचारतील." ते माझ्याकडे फार सौम्यपणे बघत होते. "मॅडम, विचार करा. तुम्हीच विचार करा."

मी म्हटलं, पैलवान सांगेल कोणी सांगितलं ते. साहेब म्हणाले, पैलवान काय सांगेल ते मला माहीत आहे. तुम्हाला नाही का?

मी समजले नाही. म्हणजे वाक्य समजलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पैलवानाला नोटीस मिळाली. सुरक्षा उपकरणांशी परस्पर छेडछाड. चौकशी संपेपर्यंत तो निलंबित. आणि चौकशी संपेपर्यंत दारांना कोणी हात लावायचा नाही, कारण ती आता पुरावा आहेत. बोगदा मात्र सोमवारी, तेवीसला, सुरू. मी आकडे दिले नसते तर नोटीस निघाली नसती आणि मग आठ-पंधरा दिवसांनी कोणी गुपचूप स्क्रू सैल केले असते, असंही होऊ शकलं असतं. हे नोंदवून ठेवते.

पैलवान गेटवर भेटला. डब्याची पिशवी हातात होती. मी म्हटलं, तू सांग ना, तोंडी हुकूम होता म्हणून. माणसाचं नाव सांग.

"नाव सांगू?" तो म्हणाला. "तुमच्या ताईंच्या हातचं जेवलोय मी, बाई. तुमच्या घरच्या माणसाचं नाव मी तुमच्याच कागदावर लिहून देऊ? सगळे म्हणतात, तिला अहवाल दिलाय म्हणजे तो कुठवर जाणार ते ठरलेलंच आहे. सरड्याची धाव." एवढं बोलून त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याचा आवाज बदलला. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, भोंग्याने जीव नकोसा केला होता त्यांचा. पाळीत एकेकदा शंभरदा वाजायचा. खऱ्या वेळी लक्ष जाणार नाही म्हणायचे. फोन करून म्हणाले, जरा आवळून घे रे. वाईट हेतू नव्हता हो.

मला ते एक फेब्रुवारीच्या जेवणालाच कळायला हवं होतं. सगळी माहिती मी इथे माझ्या हाताने लिहिलेली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेले. भावोजी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हे काम ते कधी करत नाहीत. मी चिमटे देत उभी राहिले. कोणत्या शब्दांत विचारायचं ते ठरवलेलं नव्हतं.

त्यांनीच विचारलं, किती जोर लागला दाराला? मी आकडा सांगितला. ते एक चादर झटकत राहिले, ती कधीच सरळ झाली होती.

मग म्हणाले, "चौथ्या दारावर कॅमेरा आहे. माहितीये ना?"

मी म्हटलं, मला दिलेलं चित्रण धूर आल्यानंतरचं आहे, त्यात काही दिसत नाही.

"धूर यायच्या आधीचं. दिसत होती ती. दार ढकलत होती. मी इकडे एकटा ओरडत होतो, जोरात, अजून जोरात, असं. तिला कुठे ऐकू जातंय." चादर त्यांच्या हातात होती. "तिने वर बघितलं. कॅमेऱ्यात. आणि मी काय केलं सांगू? डाव्या बोगद्याचे पंखे चालू आहेत ना, ते परत एकदा तपासलं. चालू होते. नियमाप्रमाणे."

ते पंखे त्यांनी क्षणभर बंद केले असते तर दार उघडलं असतं. हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. माझ्या चाचणीने ते सिद्ध झालं. आता त्यांना माहीत आहे, कारण मी आत्ताच आकडा सांगितला होता.

मी म्हटलं, पैलवानाला काढतायत. ते म्हणाले, ऐकलं.

दारात ताई उभी होती. कधी आली कळलं नाही. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलली. तिला सगळं माहीत आहे, आम्ही जेवायला आलो होतो त्या रविवारच्या रात्रीपासून. ते रोज रात्री उठून बसतात, त्यांचे हात उशी ढकलत असल्यासारखे तिला दिसतात. नोकरी जाईल, खटला होईल, कदाचित आतही जावं लागेल. ती म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. तू एक ओळ कमी लिहिलीस तर गेलेली बाई परत येणार आहे का?"

मी म्हटलं, ती नाही. सोमवारी बोगदा सुरू झाला की त्या दारांपाशी दुसरं कोणी असू शकतं.

ताई म्हणाली, लहानपणी तुझी वेणी मी घालायचे. खरं आहे, तीच घालायची. फार ओढून घालायची.

मी चहा न घेता निघाले. बाहेर पडताना त्यांचं दार मला जड लागलं. मोजलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पर्याय लिहून पाहिले. एक, काहीच न लिहिणं: दारं तशीच, पैलवान गेला. दोन, मी भावोजींचं नाव लिहिणं: ऐकीव गोष्ट, पैलवान घरोब्यापायी दुजोरा देणार नाही, भावोजी नाही म्हणू शकतात, चौकशी लांबेल, दारं पुरावा म्हणून तशीच. तीन, भावोजींनी स्वतः लिहून देणं की कंट्रोल रूमच्या सोयीसाठी आपण हा बदल सांगितला. मग ती छेडछाड राहत नाही, कामकाजातला चुकीचा बदल ठरतो, आणि असा बदल सुरक्षा अभियंता त्याच दिवशी मागे घेऊ शकते. नियम शोधला. तो आहे. म्हणजे माझी सही पुरते, पण त्यांच्या सहीनंतर.

आईला तिन्ही सांगितले. ती म्हणाली, मला त्या काचेतून तू दिसत होतीस. खाली मान घालून काहीतरी वाचत होतीस. मी तिला पुन्हा सांगितलं की तो आकडा होता आणि वाचणं आवश्यक होतं. ती म्हणाली, हो, माहीत आहे, म्हणून तर मी ढकलत राहिले.

याचा पर्यायांशी संबंध काय ते तिने सांगितलं नाही. कात्री उद्या त्या बहिणीला पोचवायची आहे. पत्ता आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कात्री दिली. बहिणीने चहा विचारला. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही. मीच म्हटलं, दार तुमच्या बहिणीला उघडणारं नव्हतं, त्या घाबरल्या नव्हत्या, बरोबर दारापाशी जाऊन त्यांनी बरोबर बाजूला ढकललं होतं. अहवालाआधी हे सांगायचा मला अधिकार नव्हता. ती म्हणाली, परत एकदा सांगा. मी परत सांगितलं.

तिथून कंट्रोल रूमवर गेले आणि भावोजींच्या हातात बंद पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, खिशात ठेवलं. पडद्यांवर रिकामा बोगदा दिसत होता, दिवे लावून ठेवलेला. चौथ्या दाराच्या पडद्यावर त्यांनी कागद चिकटवला आहे. पाकिटातल्या माझ्या पत्राची नक्कल:

भावोजी,

१. तिसऱ्या दाराच्या मोजणीचे आकडे, हाताच्या ठशांचे फोटो आणि आईच्या चाचणीची हकीकत मी शनिवारी सकाळी चौकशी समितीला थेट पाठवते आहे. साहेबांमार्फत नाही. हे तुमच्या उत्तरावर अवलंबून नाही.
२. क्लोजर आवळायला कोणी आणि का सांगितलं, हे मी माझ्या शब्दांत लिहिणार नाही. ते तुम्ही तुमच्या शब्दांत लिहावं. भोंगा दिवसभर वाजत होता आणि खऱ्या वेळी तो ऐकू येणार नाही अशी भीती होती, हेही लिहावं. ते खरं आहे.
३. तुमचा कागद आला तर शनिवारी दुपारी मी आणि पैलवान सगळे क्लोजर सैल करू. पंखे लावून प्रत्येक दार मोजू. आई यायला तयार आहे.
४. तुमचा कागद आला नाही तर समितीला मी लिहीन की हा बदल पैलवानाने स्वतःहून केलेला नाही आणि कोणी सांगितला ते मला माहीत आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन. दारं त्यामुळे वेळेत सैल होणार नाहीत.
५. ताई माझ्याशी बोलणार नाही, हे मी धरून चालले आहे.

बोगदा सोमवारी सुरू होतो आहे. शुक्रवारी, वीस तारखेला, दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावं.